चाराचं धाबं

अमरावतीतल्या धाब्यांना एके काळी आकडे होते. धाबं म्हणजे घरावरचं सपाट मातीचं छप्पर. खाली लाकडाची आडवी नाटं, त्यावर काड्या, काड्यांवर निंबाचा पाला आणि वर वीतभर पांढरी माती. पिढ्यान्‌पिढ्या तिथं बायकांनी वड्या-सांडगे वाळवले आणि उन्हाळ्यात घरच्यांनी वाकळा टाकल्या. मग साता समुद्रापलीकडे कुठंशी लढाई पेटली, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि धाब्यांवर दारू चढली.

कापसाच्या हंगामात शहरात पाय ठेवायला जागा नसे. मुंबईचे मुनीम, गुजराती दलाल, तेल्हाऱ्यापासून मोर्शीपर्यंतचे गाडीवान आणि कालपर्यंत उघड्या अंगानं हिंडणारे पण आता जरीचं पागोटं बांधणारे शेतकरी. दिवसभर भाव पाडायचा आणि दिवस कलला की प्यायला बसायचं. पण वेशीजवळच्या गुत्त्यात गाडीवानांच्या मांडीला मांडी लावून कोण बसणार? खुशालराव कलाल डोक्यानं तिखट होता. त्यानं बाजाराभोवतालच्या घरांची धाबी हंगामापुरती ठरवून घेतली. दिवस मावळायच्या आत वर पाणी शिंपडायचं, सतरंज्या टाकायच्या, मोहाची दारू सुरईत भरून ठेवायची. वर हवा लागे आणि खालचे लोक मुंग्यांएवढे दिसत. वरून थुंकता येतं, हेही त्यातलं एक सुख होतंच.

तेवढ्यात अकोल्यात एक धाबं बसणाऱ्यांसकट खाली आलं. तशी खुशालरावाला माणिकबाई आठवली.

माणिकबाई माळीण. परकोटाबाहेर तिचा वांग्या-मिरच्यांचा लहानसा मळा होता. लेक शकुन दुधावर असतानाच नवरा पटकीनं गेला, तेव्हापासून बाई एकटीच. मृगाच्या आधी लोक धाब्यावर नवी माती टाकून चोपून घेत, त्या कामाला ती तीस वर्षं जात होती. पायात कधी वहाण नाही. तिच्या टाचा लाकडासारख्या कडक आणि भेगांनी चिरलेल्या. त्या टाचेला कान होते असं म्हणत. धाब्यावर चालताना ती मधेच थांबे, टाच आपटे, मान वाकडी करून ऐके आणि सांगे, "इथं उधई लागली. मालकाले सांग, नाट बदल." जिवंत साग टणक बोलतो, वाळवीनं पोखरलेला बद्द वाजतो आणि भिजून कुजलेला बोलतच नाही. तिचं कधी चुकलं नव्हतं.

खुशालरावानं तिला एकेका धाब्यावर नेलं. ती या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जाई, टाच मारी आणि आकडा सांगे. "बारा माणसं. तेरावा चढला तं माहं नाव सांगू नका." दुसरं अठराचं निघालं, तिसरं नवाचं. ही झाली धाब्यांची नावं. संध्याकाळी बाजाराच्या तोंडाशी पागोटेवाले उभे राहत आणि आज कुठं बसायचं याचा खल चाले.

"बारावर चाल. हवा चांगली हाय."

"बारावर रोजचीच तोंडं. अठरावर मुंबईवाले बसतात, तिथं जाऊ."

"अठरावर तुले कोण बसू देते बे? तुह्या अंगाले अजून बैलाचा वास येऊन राहिला."

"मंग नवावर?"

"नवावर कारकून बसतात. नवावर बसण्यापरीस मी घरी बायकोजवळ बसीन."

मोठ्या आकड्याच्या धाब्यावर बसणारा मोठा, असं ठरून गेलं. पुढं पुढं सोयरीक जुळवतानाही लोक विचारू लागले, "धाबं कितीचं हाय?" आणि हे सगळे आकडे एका माळणीच्या टाचेतून निघालेले.

बाजाराच्या ऐन समोर गंगूबाईचं घर होतं. फुलांचा धंदा, जात माळ्याचीच. तिचा एकुलता एक मुलगा देवीदास, आणि देवीदासाची बायको शकुन, माणिकबाईची लेक. लग्नाला तीन वर्षं होऊन गेली होती आणि शकुनची कूस उजवली नव्हती. गंगूबाई सुनेला मारत नसे. मारलं की शेजारीपाजारी कळतं. ती फक्त रोज सकाळी देवाच्या फुलांतली कळी खुडून सुनेच्या हातात ठेवी आणि म्हणे, "हे घे. न उमललेली."

एक दिवस ही गंगूबाई माणिकच्या मळ्यात आली. तीन वर्षांत पहिल्यांदा. मागं शकुन होती, तिच्या हातात नारळ आणि लुगडं.

"ईनबाई, परवा कलाल आमचं धाबं पाहाले येते," गंगूबाई बांधावर बसत म्हणाली. "तुमची टाच लागन. वीस म्हणजा."

"टाच म्हणन ते म्हणीन ईनबाई."

"टाच तुमचीच हाय ना? का कोणापासून मागून आणली?" गंगूबाई हसली. मग एक वांगं तोडून ते उलटंसुलटं पाहत म्हणाली, "मोर्शीकडून देवीदासले एक पोरगी सांगून येऊन राहिली. बिनमायची हाय, पण अंगानं भरलेली. मी अजून हो म्हटलं नाई. तुमच्या तोंडाकडे पाहून थांबली."

वांगं ओच्यात टाकून ती चालू लागली. शकुन क्षणभर मागं राहिली. तिनं आईचे पाय धरले नाहीत की डोळ्यांत पाणी आणलं नाही. खालच्या आवाजात एवढंच म्हणाली, "माय, वीस म्हण. पडलं तं पडलं. मले तिथं राहू दे."

माणिक दोन दिवस वीस, वीस असं घोकत राहिली. मिरच्या तोडताना घोकलं, भाकर थापताना घोकलं. तिसऱ्या दिवशी ती गंगूबाईच्या धाब्यावर चढली. खाली गल्लीत माणसं जमली होती. शेजारच्या बाराच्या धाब्यावर दोघं-तिघं दिवसाउजेडीच प्यायला बसले होते, ते माना लांब करून पाहत होते. धुराड्यातून शकुनच्या चुलीचा धूर येत होता. माणिकनं पहिल्या नाटावर टाच मारली. टणक. दुसरं टणक. मधल्या नाटावर टाच पडली आणि तिच्या पोटऱ्यांतून गारठा वर चढला. बद्द. तिनं पुन्हा मारली. बद्द. त्या नाटाच्या बरोबर खाली चूल होती.

"बोल माणिकबाई," खुशालराव खालून ओरडला. "किती?"

"चार."

नंतर तिनं स्वतःला पुष्कळ समजावलं, की चुलीपाशी बसलेल्या लेकीसाठी आपण खरं बोललो, टाकलेली लेक निदान जिवंत तरी राहील. पण त्या घटकेला तिनं कसलाच विचार केला नव्हता. टाच ऐकते ते तोंड बोलतं, ही तीस वर्षांची सवय. ती सवय बोलून गेली.

गल्लीत आकडा तोंडोतोंडी गेला. मग शेजारच्या धाब्यावरून एक पिणारा ओरडला, "चार! अबे चार तं खांदा द्याले लागतात!"

सगळी गल्ली हसली. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. खुशालरावसुद्धा हसला. माणिकच्या तेव्हा ध्यानात आलं की आकड्याला दुसरंही एक तोंड असतं. बारा, नऊ, अठरा सांगताना तिला हे कधी सुचलंच नव्हतं.

गंगूबाई मात्र हसली नाही. "ईनबाई, भरल्या घरावर तिरडी बांधली तुमी," ती म्हणाली. "पाच म्हणाचं. पाच म्हटलं असतं तं पाच सवाष्णी बसतीन म्हणून मी लोकायच्या पाया पडली असती. चार म्हणता? माह्या एकुलत्या एका लेकाच्या घराले?"

त्याच संध्याकाळी देवीदास शकुनला आणि तिच्या कपड्यांच्या गाठोड्याला माणिकच्या दारात सोडून गेला. जाताना सासूच्या पाया पडला. संस्कार चांगले होते त्याच्यावर.

हंगाम जोरात होता आणि बाजारासमोरच्या धाब्यावर मुंबईवाल्यांचा डोळा होता. गंगूबाई गावभर सांगत सुटली: विहिणीनं जळून आकडा पाडला. खुशालरावाला तेवढंच हवं होतं. त्यानं आपल्या एका गवंड्याला वर चढवलं. तो दोन उड्या मारून उतरला आणि म्हणाला, "बावीस." बाविसाचं धाबं! शहरात एवढा आकडा कोणाचाच नव्हता. मग बाराच्या मालकानं आपलं वीस करून घेतलं, नवाच्यानं पंधरा. बसणारे एकमेकांना म्हणत, "माणिकचे चार म्हणजे आपले बावीस." माणिकला कोणी बोलावेनासं झालं. पुढच्या मृगाला माती चोपायलाही नाही.

शकुन तीन दिवस वांग्यांना पाणी देत राहिली, आईशी बोलली नाही. चौथ्या दिवशी भाकर मोडताना म्हणाली, "माय, तुह्या टाचेनं मले लाथ मारली." आणि भाकर खाऊ लागली.

माघात देवीदासचं दुसरं लग्न लागलं. वाजंत्री मळ्यापर्यंत ऐकू आली. त्यानंतर शकुन संध्याकाळी घरात थांबेना. बाजाराच्या कडेला एक निंब होता, त्याखाली उरलीसुरली भाजी घेऊन ती बसे आणि समोरच्या शिडीवरून चढणारे पाय मोजी. माणिक आधी तिला परत न्यायला म्हणून गेली. मग तीही बसू लागली.

"आज किती?"

"एकोणीस."

"काल तेवीस होते."

"सारे बसतात वो माय. सारे बसतात आन्‌ सारे उतरतात."

धाबं पडावं असं माणिकला कधीपासून वाटू लागलं, ते तिलाही सांगता आलं नसतं. आधी वाटलं, रिकामं असताना पडावं, म्हणजे लोक म्हणतील माणिक खरं बोलली. रिकामं पडेना. मग वाटलं, दलाल बसलेले असताना पडावं; मेले दारूचे पिंप. तेही होईना. मग गंगूबाई खाली फुलं ओवत असताना पडावं. इच्छेला एकदा वाट दिली की ती बांध पाहत नाही. शेवटी चुलीपुढं कोण बसतं हे ठाऊक असूनही, दोघी मायलेकी रोज तिथं बसून मोजत राहिल्या. लाकूड एका दिवसात मरत नाही, हे माणिकला माहीत होतं. वाट पाहायची तिची तयारी होती.

पावसाळ्यात दारू खाली उतरली, दिवाळी झाली तशी पुन्हा वर चढली. कार्तिकातल्या एका दुपारी मळ्याच्या बांधावर एक पोर येऊन उभी राहिली. सोळा-सतराची, पोटानं जड. ती जमुना होती, देवीदासची दुसरी. शकुन खोपीत होती, ती बाहेर आली नाही.

"मावशी, मेथी हाय का?" जमुनानं विचारलं, आणि मेथीकडे न पाहताच पुढं बोलली, "वरून माती पडते. चुलीत पडते, पिठात पडते. सासू म्हणते घूस असन. तुमी एकडाव टाच मारून पाहान का?"

"तुह्या सासूनं सांगतलं नाई का, मी जळून बोलते म्हणून?"

"सांगतलं. पण जुन्या बाया म्हणतात का माणिकबाई कधी खोटं बोलली नाई." पोरीनं पदर पोटावर ओढला. "मी तुमच्या लेकीच्या जागी आली, मले ठाऊक हाय. पण मावशी, पोटातलं कोणाच्या जागी नाई आलं."

माणिकनं तिला मेथीच्या दोन जुड्या दिल्या आणि उद्या दुपारी येते म्हणून सांगितलं. खोपीत शकुन पाठ करून बसली होती. तिनं काहीच विचारलं नाही. त्या न विचारण्याचा माणिकला रात्रभर काच लागला.

दुसऱ्या दिवशी गंगूबाई फुलबाजारात असताना माणिक त्या धाब्यावर चढली. पावसानं माती आणखी जड झाली होती. मधल्या नाटावर तिनं टाच मारली. आता ते बद्दही वाजलं नाही. वाजलंच नाही. चार नव्हे, दोन माणसं; तीही बारीक असली तर.

शिडी उतरताना ती खरं सांगायचं ठरवूनच उतरत होती. घरात शिरली. चुलीशेजारी जमुनाचं अंथरूण होतं आणि त्यावर एक वाकळ. लाल ठिगळांची, कडेला हिरवी पट्टी. ती वाकळ माणिकनं शकुनच्या लग्नात शिवली होती, आपल्या नवऱ्याच्या जुन्या धोतरांची आणि स्वतःच्या लग्नातल्या लुगड्याची. गाठोड्यात ती परत आली नव्हती. जमुनाच्या अंगाखाली ती मऊ पडली होती, आणि तिच्यावर तेलाचा डाग होता.

"काय म्हणते टाच, मावशी?"

माणिकनं वर पाहिलं. नाटाच्या पोटाशी मातीची बारीक रेघ चढत गेली होती. कोणत्याही आंधळ्याला दिसावी अशी.

"बावीस म्हणते तं बावीसच हाय," ती म्हणाली. "माह्यंच तवा चुकलं. मातीचं काय, माती पडतेच." मग थोडं थांबून तिनं मधल्या नाटाखाली बोट दाखवलं. "हे नाट साऱ्यात मजबूत. पाळणा इथंच बांधजो. बरोब्बर इथं."

जमुना वाकली. जड पोटानं जेवढं वाकता आलं तेवढी वाकून तिनं माणिकच्या पायांना हात लावला. टाचांना लावला.

घरी येऊन माणिकनं शकुनला सगळं सांगितलं. शकुननं त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. कित्येक महिन्यांनी तिनं आईच्या केसांना तेल लावून दिलं, आणि तेल चोळता चोळता म्हणाली, "किती दिवस लागतीन?"

"पाळणा बांधेस्तोवर थांबत नाई ते."

ते थांबलं. पौषात जमुनाला मुलगा झाला. तिला माय नव्हती म्हणून बाळंतपण सासरीच झालं. गंगूबाईनं गल्लीत गूळ वाटला आणि बाराव्या दिवशी माणिकला मुद्दाम बोलावणं पाठवलं: ईनबाईनं यायचंच, चाराच्या धाब्याखाली जेवायचं. शकुन म्हणाली, "जाय. पाहून ये."

बारसं संध्याकाळी होतं. घर बायांनी भरलेलं, वर दलालांनी. माणिक उंबऱ्यात आली आणि तिचे डोळे आपोआप मधल्या नाटाकडे गेले. त्याखाली पाळणा होता. पण तो नाटाला बांधलेला नव्हता. पाळण्याच्या दोन्ही अंगांना मांडीएवढे जाड दोन सागाचे खांब जमिनीत रोवले होते, वर आडवा तसाच जाड दांडा, आणि दांडा नाटाच्या पोटाला घट्ट भिडलेला. मधे पाचरी ठोकल्या होत्या.

जमुनाचा बाप नत्थुजी कौतुकानं खांबावरून हात फिरवत उभा होता. मोर्शीहून गाडीत घालून आणले होते त्यानं. "पोरगी म्हणे, माणिकबाईनं जागा दावली, नाट मजबूत हाय," तो सांगू लागला. "म्या म्हटलं, जागा तेच. पण नातवाचा पाळणा मी दुसऱ्याच्या लाकडाले बांधणार नाई. माह्या नातवाचा पाळणा माह्याच लाकडाले. वर फट राहिली का पाळणा कुरकुरते, म्हणून ह्या पाचरी. हाताभर आत गेल्या बरं का, नाट वर उचलल्या गेलं थोडं."

माणिक खांबाकडे पाहत राहिली. वर माणसं चालत होती, हसत होती, कोणीतरी पाय आपटून ताल धरत होतं. तिला टाच मारायची गरज नव्हती. भार आता नाटावर नव्हता, खांबांवर होता; खाली उभं राहून कानानंच ऐकू येत होतं. टणक. आता हे धाबं तिच्या उभ्या जन्मात पडणार नव्हतं.

"मोजा ईनबाई," गंगूबाई भरल्या घरात मोठ्यानं म्हणाली. "वर किती बसले, मोजा. मी सांगू? सव्वीस. आन्‌ तुमी म्हणे चार."

बाया हसल्या. एकीनं विचारलं, "माणिकबाई, टाचेले आता मेंदी लावा का?" आणि त्या पुन्हा हसल्या. माणिकही थोडी हसली. दुसरं काय करणार? जिथं ती खरं बोलली होती तिथं ती कायमची खोटी ठरली होती, आणि जिथं खोटं बोलली तिथं जमुना हात जोडून उभी राहिली होती.

ती पाळण्यापाशी उठून आली होती. अंगावर हिरवं लुगडं, डोळे ओले. तिनं पाळण्याची दोरी माणिकच्या हातात दिली. "पहिला झोका मावशीचा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "यायनं जागा दावली. यायच्या भरोशावर मी निजते." पाळण्यात खाली लाल ठिगळांची वाकळ चौपदर घातली होती. वर पोर झोपलं होतं.

जेवण न करता माणिक निघाली. निंबाखाली शकुन टोपली घेऊन बसली होती. समोरच्या धाब्यावर मशाली लागल्या होत्या आणि वरचं हसणं-खिदळणं रस्त्यावर सांडत होतं.

"पडलं नाई," शकुन म्हणाली. तिला दिसतच होतं.

"नाई."

"पडन?"

"नाई पडत आता."

शकुननं टोपलीतली सुकलेली मेथी एकेक जुडी करून रस्त्यावर टाकून दिली. मग तिनं आईकडे पाहिलं. "मंग इतका वेळ तू तिथं काय करून राहिली होती?"

माणिकनं हाताकडे पाहिलं. दोरीचा वळ अजून तळव्यावर होता.

"पाळणा हालवला," ती म्हणाली.